सांवलींत बसलेला पारा

पिंपळगांव बसवंतची ग्रामपंचायत जाऊन तेथें नगरपरिषद आली, आणि डिसेंबर २०२५ मध्यें तिची पहिली निवडणूकहि झाली. रस्ते, गटारें, नळ, दिवे यांचीं आश्वासनें सर्वांनींच दिलीं. तीं कितपत पाळलीं जातात तें पुढें दिसेलच. आम्हांला आज निराळ्याच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. गांवाचें शहर झालें म्हणजे त्याचा विकास आराखडा करावा लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें तें काम नगरपरिषदेच्या गळ्यांतच पडलेलें असतें. रस्ता कोणाच्या अंगणांतून जाईल, बागेचें आरक्षण कोणाच्या गटावर पडेल, चार मजले कोठें चढतील, ओढा उघडा राहील कीं त्यावर दुकानांचे गाळे बसतील, हें सारें त्या एका कागदावर ठरतें. आणि मग आपण व आपलीं लेंकरें पुढलीं वीस वर्षें त्या कागदांत राहतों. त्या कागदावर सगळें असतें. ऊन मात्र नसतें, आणि वाराहि नसतो.

ऊन काय, सर्वांवर सारखेंच पडतें, असें सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात. सूर्य पक्षपात करीत नाहीं हें खरें. पण सूर्य आणि माणूस यांच्यामध्यें छप्पर असतें, भिंत असते, झाड असतें, आणि तीं सर्वांचीं सारखीं नसतात. एका घरावर सिमेंटची स्लॅब, खोलींत थंड हवेचें यंत्र. दुसऱ्या घरावर उघडा पत्रा, आणि त्याखालीं झोळींत रडणारें मूल. तिसरें घर जुनें, जाड मातीच्या भिंतींचें, वर धाबें. त्यांत वैशाखाच्या भर दुपारींहि म्हाताऱ्याचा डोळा लागतो. तिन्ही घरें एकाच आळींत, हाकेच्या अंतरावर. मग 'निफाडचें तापमान अमुक अंश' असें वर्तमानपत्रांत छापून येतें, तें यांपैकीं कोणत्या घराचें? कोणत्याच घराचें नव्हे. तें एका पेटीचें आहे.

हवामान खात्याचा पारा मोकळ्या जागीं, गवतावर, जमिनीपासून सुमारें चार फूट उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटींत ठेवलेला असतो. त्याला ऊन लागूं नये, वारा मात्र लागावा, अशी ती योजना. शास्त्राच्या दृष्टीनें ही रीत बरोबरच आहे. साऱ्या जगांतले आंकडे एकमेकांशीं ताडून पाहावयाचे तर पेटी सगळीकडे एकसारखीच हवी. आमची तक्रार पेटीविषयीं नाहीं. सांवलींत बसलेल्या पाऱ्याचा आंकडा वाचून उन्हांत गोणी उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा हिशेब मांडणारांविषयीं आहे. सपाट मुलखांत पारा निदान ४० अंशांना पोंचल्याखेरीज उष्णतेची लाट म्हणावयाचें नाहीं, असा खात्याचा नियम आहे. म्हणजे ३९ अंशांना पत्र्याखालीं बसून कांदा निवडणारी बाई लाटेंत नाहीं, असाच त्याचा अर्थ झाला! १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघरच्या मैदानावर सरकारी समारंभ झाला. लाखों माणसें भर उन्हांत बसलीं आणि त्यांतलीं १४ उष्माघातानें दगावलीं. व्यासपीठावर छप्पर होतें, समोर बसलेल्या समुदायावर नव्हतें. एकाच मैदानांत, एकाच घटकेला, दोन हवामानें होतीं.

हें दोन हवामानांचें गणित शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. निफाड तालुका थंडीसाठीं साऱ्या राज्यांत प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पांच अंशांच्या खालीं घसरला कीं शहरांतले लोक बातमी वाचून मौज मानतात, आणि इकडे द्राक्षबागाईतदार रात्रभर बागेंत शेकोट्या पेटवून, वेलींना विहिरीचें कोमट पाणी देऊन जागत असतो. पण तो शेकोटी कोठें पेटवतो, हें पाहण्यासारखें आहे. सगळ्या बागेंत सारखी नाहीं; ओढ्याकडच्या खोलगट कोपऱ्यांत आधीं. कारण थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराकडे वाहते, आणि बांध किंवा दाट कुंपण आडवें आलें कीं तेथें तुंबते. मणी तडकतात ते तेथेंच. वरच्या टेकाडावरची बाग त्याच रात्रीं बचावलेली असते. आपल्या चार बिघ्यांत गारठा कोठून येतो, कोठें साचतो आणि कोठून निघून जातो, याचा नकाशा कागद-पेन्सिलीवांचून ज्याच्या डोक्यांत आहे, त्याच माणसाचें गांव आज शहर होत आहे. आणि त्या शहरांत कोणत्या आळीच्या भिंती मध्यरात्रींपर्यंत तापलेल्या राहतात, कोणत्या बोळांत वारा शिरतच नाहीं, याचा नकाशा आराखडा करणारांजवळ नसतो. तो आहे तो बायकांजवळ, हमालांजवळ, गवंड्यांजवळ. त्यांना कोणी विचारीत नाहीं इतकेंच.

राज्य सरकारनें महावेध योजनेखालीं महसूल मंडळागणिक एक याप्रमाणें दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं केलीं आहेत. पीकविम्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना पुढलें सांगावयास नको. गारांसह पाऊस आपल्या शिवारावर कोसळतो, यंत्र ज्या गांवीं आहे तेथें टिपूसहि पडत नाहीं, आणि मग कागद म्हणतो कीं तुमच्याकडे पाऊस झालाच नाहीं! साऱ्या मंडळाला एक पर्जन्यमापक पुरत नाहीं म्हणून आपण ओरडतों तें रास्तच आहे. मग साऱ्या शहराला एक पारा पुरतो, हें आपण मुकाट्यानें कां ऐकून घ्यावें?

शहर भोंवतालच्या रानापेक्षां उष्ण असतें, हा शोध कालचा नव्हे. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नांवाच्या औषधांच्या कारखानदारानें वर्षानुवर्षें रोज पारा वाचून टिपणें ठेविलीं. १८१८ सालीं त्यांचें पुस्तक छापण्यास त्यानें आरंभ केला, आणि शहर व खेडें यांतला फरक दिवसापेक्षां रात्रीं अधिक असतो असें त्यांत दाखविलें. आपल्याकडे १९७३ सालीं हवामान खात्यांतील अभ्यासकांनीं पुणें आणि मुंबई या शहरांतील तापमान जागोजाग कसें बदलतें याचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे पन्नास वर्षें हें ज्ञान आपल्याच प्रांतांत आहे. पण शास्त्राच्या मासिकांत इंग्रजींत पडलेलें ज्ञान आणि कुलूप लावलेली धान्याची कणगी, दोहोंचा उपाशी माणसाला उपयोग सारखाच.

रात्रीं शहर कां तापतें, हें समजावयास फारशी विद्या लागत नाहीं. दगड, सिमेंट, डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रीं तें ओकतात. ओकलेली उष्णता वर आकाशांत निघून जावयास हवी. पण बोळ अरुंद आणि दोन्हीं बाजूंना उंच इमारती असल्या, तर आकाशाचा पट्टा चार बोटें उरतो, आणि ती उष्णता या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बसते. जमिनींत ओल असती, झाड असतें, तर पुष्कळशी उष्णता पाण्याची वाफ करण्यांतच खर्ची पडली असती. डांबराला ओल कोठली? पत्र्याची तऱ्हा आणखीच निराळी. तो दुपारीं भट्टी होतो, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. स्लॅब दुपारीं सोसवते, आणि रात्रीं बारा वाजतां तापलेला तवा होते. तेव्हां झोपडींतल्या मजुराची दुपार वाईट, आणि कर्ज काढून स्लॅब टाकलेल्या सुताराची, शिंप्याची रात्र वाईट. दिवसा उन्हांत राबलेल्या देहाला रात्रीं गारवा मिळाला नाहीं, तर दुसऱ्या दिवशींचें ऊन त्याला अधिकच बाधतें. त्यांत हवा दमट असली तर घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळल्यावांचून अंग निवत नाहीं. म्हणून नुसता कोरडा पारा पाहून भागत नाहीं; ओलें फडकें गुंडाळलेला दुसरा पारा शेजारीं लागतो. भाद्रपद-आश्विनांत पारा तीस-बत्तिसावर असतांहि टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या पोराला भोंवळ कां येते, तें त्या ओल्या पाऱ्यावरून कळतें.

आतां कोणी म्हणतील, उपग्रहाचे नकाशे आहेत कीं. आहेत. मुंबई महानगरपालिकेनें मार्च २०२२ मध्यें जो वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत शहराचा कोणता भाग किती तापतो याचे असे नकाशे आहेत, आणि ही गोष्ट चांगलीच झाली. पण उपग्रहाची नजर कशी आहे हेंहि जाणून घ्यावें. असल्या कामाला नेहमीं वापरला जाणारा लँडसॅट हा अमेरिकन उपग्रह एका जागेवरून सोळा दिवसांनीं एकदां जातो, तोहि सकाळीं साडेदहाच्या सुमारास. त्याच्या उष्णतेच्या चित्रांतला एक ठिपका म्हणजे शंभर मीटर लांब-रुंद जागा. त्यांत आपली अर्धी आळी मावली. त्याला छपराची पाठ दिसते, छपराखालचें माणूस दिसत नाहीं. दुपारचे तीन त्याला ठाऊक नाहींत आणि रात्रीचे बाराहि नाहींत. उंटावरून शेळ्या हांकणें ही म्हण जुनी झाली. आतां उपग्रहावरून हांकतात. तरी आम्ही त्याला नांवें ठेवीत नाहीं. कोणत्या अंगाला जाऊन पाहावें तें तो सांगतो. पाहावें मात्र पायीं हिंडूनच लागतें.

असा हिशेब ठेवल्यानें काय होतें, असें विचाराल तर अहमदाबादचा दाखला घ्या. मे २०१० मध्यें तेथें पारा ४६ अंशांच्याहि वर गेला, आणि त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां १३४४ मृत्यु अधिक झाले. हे मृत्यु उष्णतेचे म्हणून कोणाच्या वहींत लिहिलेले नव्हते. मागल्या वर्षांचे आंकडे शेजारीं ठेवून वजाबाकी केली तेव्हां ते दिसले. त्यानंतर २०१३ सालीं तेथील महापालिकेनें उष्णतेचा कृती आराखडा केला. दवाखान्यांना आधीं सूचना, कामगारांना दुपारची सुटी, पाणपोया आणि पुढें गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना, अशीं साधीं कामें त्यांतून निघालीं. चुना लावलेलें छप्पर ऊन परत फेकतें, हें आपल्या आजीलाहि ठाऊक होतें. पण आजीला नगररचनाकार कोण म्हणणार?

आणि खरें सांगावयाचें तर हें शास्त्र आपल्या भागांत कांद्याला लागू होऊन जुनें झालें आहे. कांद्याची चाळ बांधतांना ती एकपाखी असली तर दक्षिणोत्तर, दुपाखी असली तर पूर्वपश्चिम बांधावी असें सांगतात. तळ जमिनीपासून उंच, खालून वारा, बाजूंच्या भिंतींना फटी, छपराचें टोंक बाहेर काढलेलें, कांद्याच्या थराची उंची ठरलेली. मापाप्रमाणें बांधली तरच सरकारी अनुदान मिळतें. कांदा सडूं नये म्हणून हा सारा बंदोबस्त, आणि तो योग्यच आहे. आपलें वर्षाचें पोट त्यावर आहे. परंतु ज्या मायबहिणी तो कांदा निवडतात, त्यांच्या खोल्यांच्या चाळीला दिशा कोणी ठरविली? घरकुलाचा अर्ज भरतांना वारा कोणत्या बाजूनें येतो हें आम्हांला तरी कोणी विचारलेलें नाहीं. उन्हाळ कांदा बाजारांत येतो तो नेमका चैत्र-वैशाखांत, आणि ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट पाहणारा शेतकरी कांद्याइतकाहि सांवलींत नसतो.

जर्मनींत श्टुटगार्ट नांवाचें मोटारींच्या कारखान्यांचें शहर आहे. तें डोंगरांच्या खोलगट द्रोणांत वसलेलें आहे आणि त्याच्या उतारांवर आपल्याकडच्यासारखे द्राक्षांचे मळे आहेत. द्रोणांत वारा कमी, धूर फार. म्हणून त्या नगरपालिकेनें १९३८ सालींच हवामानाचा जाणकार नोकरीस ठेवला. रात्रीं उतारांवरून थंड हवा कोणत्या घळींतून खालीं शहरांत वाहत येते, हें तेथें मोजून नकाशावर काढलें आहे. २००८ सालीं सबंध प्रदेशाचा तसा नकाशासंग्रह निघाला. त्या वाटांवर उंच इमारती आडव्या येऊं नयेत असा बंदोबस्त आराखड्यांतच केलेला आहे. वाचकहो, ही थंड हवा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून पौषांत आपल्या द्राक्षाचे मणी तडकवणारीच ती. पौषांत आपण तिला शिव्या देतों. वैशाखांतल्या रात्रीं तीच हवा ओढ्याच्या वाटेनें गांवांत आली, तर पोरें घामानें निथळत उठणार नाहींत. पण ती वाट ओढ्यावर गाळे बांधून बुजवली, तर ती वेशीबाहेरच तुंबेल. म्हणजे बागेंतला गारठाहि तिकडेच वाढेल, आणि गांव उकडत राहील तें राहीलच.

येथें एक सावधगिरीची सूचना दिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. वाऱ्याच्या नांवानें गरिबांचीं घरें पाडण्याचा प्रकार आपल्या प्रांतांत पूर्वीं झालेला आहे. १८९६ त मुंबईंत प्लेग आला आणि १८९८ त सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, निघालें. दाट वस्तींत समुद्राचा वारा खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते त्यानें वस्तीच्या पोटांतून काढले. वारा आला, पण चाळींतून उठविलेले पुष्कळसे गिरणीकामगार आणि हातावर पोट असलेले लोक शेजारच्या चाळींत आणखी दाटीनें कोंबले गेले. उद्यां पिंपळगांवचा उष्णतेचा नकाशा झाला आणि एखाद्या वस्तीवर लाल रंग आला, तर 'ही जागा राहण्यास योग्य नाहीं, उठा' असें म्हणणारे निघतील. आणि वर्षाभरांत त्याच लाल जागेवर व्यापारी संकुल उभें राहील. लाल रंगाचा अर्थ एवढाच, कीं झाड, चुना, पाणी आणि छप्पर तेथें आधीं पोंचलें पाहिजे.

आरक्षणाचीहि अशीच गोष्ट आहे. बागेचें आरक्षण लहान शेतकऱ्याच्या गटावर पडतें आणि वजनदार माणसाच्या गटावरून उठतें, अशी ओरड शहरोशहरीं ऐकूं येते. नकाशा असला तर विचारतां येईल कीं, उकाडा गांवठाणांत आणि हमरस्त्याच्या कडेला आहे, मग बाग शिवाराच्या टोंकाला कां? मुंबई-आग्रा रस्ता रुंद होतांना कांठचे जुने वड तुटले, त्यांची सांवली कोणत्या गटावर परत लावणार आहां? ज्या गांवाच्या नांवांतच पिंपळ आहे, त्यानें हा प्रश्न विचारावयास संकोच करूं नये. आणि ज्याच्या उघड्या शेतावरून शहराला रात्रीचा गारवा मिळावयाचा आहे, म्हणून ज्याला बांधकामाची मनाई होणार आहे, त्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला रोख मिळाला पाहिजे. शहरानें वारा फुकट खाऊं नये.

पाहणी कोण करणार, असें कोणी म्हणूं नये. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे पंडित १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. आपल्या दारावरून जाणारा हाच आग्रा रस्ता पुढें इंदूरला लागतो, त्या इंदूर शहराचा अहवाल त्यांनीं १९१८ सालीं होळकर दरबारला दिला. आधीं गल्लोगल्लीं हिंडून पाहणी, मग रेघ, असा त्यांचा आग्रह असे. पिंपळगांवांत शाळा आहेत, महाविद्यालय आहे, सायकली आहेत, आणि बागेंत हवामानयंत्र बसवून रोगाचा अंदाज घेणारे बागाईतदार तर पुष्कळ आहेत. चैत्र-वैशाखांतल्या निरभ्र, वारा पडलेल्या चार दिवशीं मुलांनीं साधा तापमापक घेऊन ठरलेल्या वाटेनें फिरावें. पाऱ्याला ऊन लागूं नये म्हणून त्याभोंवतीं पांढऱ्या पुठ्ठ्याची सैलसर नळी असावी, आणि तो अंगापासून दूर धरावा. फेरी जेथून निघाली तेथेंच संपवावी. म्हणजे तेवढ्या वेळांत एकंदर हवाच किती निवली किंवा तापली हें कळतें, आणि तो फरक हिशेबांतून काढतां येतो. दुपारीं तीन, रात्रीं दहा आणि पहाटे पांच अशा तीन फेऱ्या कराव्या. गांवठाण, बाजार समितीचें आवार, कांद्याचीं खळीं, बस स्थानक, पत्र्याच्या वस्त्या, नवीन कॉलनी, ओढ्याचा कांठ आणि वेशीबाहेरची एक बाग, एवढीं ठिकाणें वाटेंत यावींत. परवानगी मिळेल तेथें घराच्या आंतहि मोजावें. हेंच काम पौषांत पुन्हां करावें, कारण ज्या झोपडींत वैशाखांत भट्टी असते तिच्यांतच पौषांत म्हाताऱ्या माणसांना हींव भरतें.

हमालांनीं आणि निवडीच्या बायकांनीं भोंवळ, उलटी, तडस यांची तारीखवार नोंद आपल्या टोळींत ठेवावी; लिहितां येणारें एक पोर प्रत्येक टोळींत असतेंच. या नोंदींची एक प्रत नगरपरिषदेंत, एक बाजार समितींत आणि एक वाचनालयांत, कोणालाहि हात लावतां येईल अशा फळीवर असावी. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला कीं हरकती आणि सूचना लेखी देण्यास कायद्यानें मुदत असते. ती थोडी असते आणि बहुधा सुगीच्या किंवा छाटणीच्या घाईंतच येते, म्हणून नोंदी तिच्या आधींच तयार पाहिजेत. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यांत लांबलचक गाऱ्हाणें नको. अमुक आळी, अमुक तारीख, दुपारीं तीनला इतके अंश, रात्रीं दहाला इतके, पहाटे पांचला इतके. आणि आमच्या आळीला इतकीं झाडें, इतकें उघडें आकाश आणि ओढ्याची एवढी वाट मोकळी हवी, एवढें लिहावें. अर्ज दिल्यावर तारखेच्या शिक्क्याची पोंच घेतल्यावांचून कारकुनाच्या टेबलासमोरून हलूं नये.